झोपलेलं बदक कसं ओळखावं

श्रीधर गेल्याची बातमी सांगायला मी श्रीधरलाच फोन लावला.

भाद्रपद उतरत आला होता. सकाळचा चहा गॅसवर होता आणि त्याच्या भाचीचा मेसेज आला. मी तो वाचला. कुठलीही बातमी, मग ती पावसाची असो, पगाराची की कुणाच्या पळून जाण्याची, आधी श्रीधरला कळवायची ही खोड मला मिसरूड फुटण्याच्याही आधीपासूनची. बोटांनी डोक्याला विचारलंच नाही. तिकडे मुलुंडला त्याला हॉलमध्ये जमिनीवर ठेवलं होतं आणि त्याचा फोन कुणीतरी त्याच्या उशाशीच विसरलं होतं. त्या फोनची रिंग म्हणजे त्यानंच कधीतरी तळ्यावर रेकॉर्ड केलेली अडईंची शीळ. अडई हे लहानसं तांबूस बदक, उडताना बारीक आवाजात शीळ घालतं. ऐकणाऱ्याला वाटतं, पाण्यापलीकडून कुणीतरी आपल्यालाच हाक मारतंय. तर भरल्या घरात, खाली मान घालून बसलेल्या माणसांमध्ये, त्याच्या डोक्यापाशी ती शीळ सुरू झाली. समोरच्या ब्लॉकमधल्या आजी उठून बाहेर गेल्या म्हणे. आणि मी इकडे घाटकोपरला, फोन उचलला जाताच नेहमीच्या उत्साहात म्हणालो, "अरे श्रीधर, ऐकलंस का..." पलीकडून वहिनींचा आवाज आला, अगदी सपाट. "ह्यांना आता ऐकू येत नाही, भावजी. तुम्ही या."

श्रीधर परब आणि मी भांडुपच्या एकाच चाळीत, एकाच गॅलरीत वाढलो. त्याचे वडील मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी गेली, तरी त्यांच्या घरातली बोली गेली नाही. श्रीधर रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत लागला, मी विम्याच्या ऑफिसात. तो ताडमाड उंच आणि मोजकं बोलणारा. मी त्याच्या काखेखालून आरपार जाईन एवढा, आणि माझ्या बोलण्याबद्दल न बोललेलंच बरं. बदकांचं वेड त्याला कुठून लागलं ते मला नीट माहीत नाही. मला ते लागलंच नाही. मला श्रीधरचं वेड होतं, आणि तो दर थंडीत रविवारी पहाटे बदकं मोजायला जायचा, म्हणून मीही जायचो. मुलुंडच्या पूर्वेला, जुनी मिठागरं आणि खारफुटी यांच्या मधे एक तळं आहे. एका ओहोळातून भरतीचं पाणी आत येतं आणि ओहोटीला बाहेर जातं. एवढंच त्याचं भांडवल. मागे हायवेचा घरघराट, पुढे खाडी, आणि मधे त्या पाण्यावर थंडीत उत्तरेकडून उतरलेली बदकं.

बदकं जाताना पत्ता ठेवून जात नाहीत. एका वर्षी आम्ही गेलो, तर तळ्यावर पाणी होतं, शेवाळ होतं, ऊन होतं, आणि बदक एकही नव्हतं. मांडव घातलाय आणि वऱ्हाड आलंच नाही, तसं. पाण्यावर इतकी शांतता होती, की मला माझ्याच कानातलं रक्त ऐकू येत होतं. मी म्हणालो, संपली रे. श्रीधर म्हणाला, संपली म्हणण्याआधी शेजारी विचारायचं. मग ती सगळी थंडी त्यानं मला उपनगरभर फिरवलं. पवईच्या तलावावर जलपर्णीनं पाणी झाकलेलं, मालाडच्या मागच्या दलदलीत भरावाचे डंपर. शेवटी बोरिवलीकडून गोराईच्या खाडीच्या आतल्या अंगाला ती दिसली, दाटीवाटीनं, दुसऱ्याच्या घरी पाहुणे बसावेत तशी. श्रीधरनं दुर्बिणीतून त्यांना एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं. मग म्हणाला की आपल्या तळ्याचं काहीतरी त्यांना आपल्याआधी कळलंय.

मोजायची आमची एक पद्धत होती. दुर्बीण स्टँडवर. श्रीधर डोळा लावून, डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश सरकत, नुसतं नाव उच्चारायचा. थापट्या. थापट्या. हळदी-कुंकू. थापट्या म्हणजे ज्याची चोच फावड्यासारखी चपटी असते ते बदक, आणि हळदी-कुंकू नावाप्रमाणे चोचीवर पिवळा-लाल रंग मिरवणारं. तो नाव घेई आणि मी काठावर उभा राहून हातातल्या क्लिकरचं, म्हणजे एकेक आकडा पुढे सरकवणाऱ्या डबीचं, बटण दाबी. बस, एवढंच माझं काम. काठाच्या पुढे त्यानं मला कधी पाऊल टाकू दिलं नाही. मी हे प्रेम समजत होतो.

मग एका आश्विनात, उन्हाचा कहर असताना, आम्ही गेलो. ओहोळाचं तोंड कचऱ्यानं बुजलं होतं, पाणी हिरवट, साचलेलं. बदकं मात्र पुन्हा आपल्या तळ्यावर आलेली. श्रीधर मागे बुटाची नाडी बांधत होता, म्हणून मी दुर्बिणीला डोळा लावला आणि मालकाच्या गैरहजेरीत गल्ल्यावर बसलेल्या नोकरासारखा खूश झालो. बदकं एकदम शांत होती. इतकी शांत, की मोजायला सोपी. मी क्लिकर दाबत सुटलो. म्हटलं, आज काय निवांत झोपलीत यार सगळी, झकास काम झालं. श्रीधर आला, वाकला, बघत राहिला. वाऱ्याची एक झुळूक आली आणि पाण्यावरची ती सगळी बदकं एकदम, एकाच बाजूला, जराशी सरकली.

"नंदू," तो म्हणाला, "क्लिकर खाली ठेव."

"का रे?"

"झोपलेल्या बदकाची मान पाठीवर असते. ह्यांच्या माना पाण्यात आहेत."

मी अर्धं तळं मेलेलं मोजलं होतं, आणि वर झकास म्हणालो होतो.

वनखात्याला कळवलं. पशुवैद्य बाई आल्या, नमुने गेले. आम्हाला बर्ड फ्लूची भीती होती. तो नाही निघाला. निघालं ते मला त्याहून भयंकर वाटलं. कुजलेल्या, वारा न खेळणाऱ्या पाण्यात एक जिवाणू विष तयार करतो. ते पोटात गेलं की बदकाचे पाय जातात, मग पंख, मग मान. मान धरवत नाही, ती पाण्यात पडते आणि बदक बुडून मरतं. शुद्ध हरपलेली नसते. त्या मेलेल्या बदकात अळ्या होतात. अळ्यांना विष बाधत नाही, पण ते त्यांच्यात साठतं. मग दुसरं बदक येऊन त्या अळ्या खातं. थोडक्यात, मेलेलं जिवंताला ओढून नेतं आणि तळं आपोआप रिकामं होत जातं. बाई म्हणाल्या, औषध असं नाही, मेलेली उचला आणि पाणी वाहतं करा. त्या आश्विनात श्रीधर गमबूट आणि हातमोजे घालून चिखलात शिरायचा, आणि मी काठावर गोणीचं तोंड धरून उभा. त्या दिवसांपासून त्यानं नियम केला की झोपलेलं बदक हललेलं दिसेपर्यंत मोजायचं नाही. एकेका बदकासाठी आम्ही ऊन चढेपर्यंत थांबलोय.

ज्यांच्यात धुगधुगी होती ती बदकं बाईंच्या सांगण्यावरून श्रीधरनं घरी आणली. त्याच्या दोन बाथरूमपैकी एक गेलं. मला कुणी हे नीट सांगितलं नव्हतं. दिवेलागणीला मी त्याच्याकडे गेलो, बाहेरून आलोय म्हणून हात धुवायला दार उघडलं, आणि बल्बचं बटण चाचपेपर्यंत खिडकीतल्या उरल्यासुरल्या उजेडात दिसलं ते असं... भिंतीला लागून ओळीनं टब, प्रत्येक टबात एक बदक, आणि प्रत्येकाच्या हनुवटीखाली नॅपकिनची गुंडाळी. मान पडून नाक बुडू नये म्हणून. आवाज नाही. विषानं कंठही जातो. सगळ्यांचे डोळे उघडे, माझ्याकडे लागलेले, आणि कुणाचीच पापणी लवत नव्हती. ती लवूच शकत नव्हती. मी "सॉरी" म्हणालो आणि दार लावून घेतलं. बाहेर वहिनी उभ्या होत्या. म्हणाल्या, मीही पहिल्या दिवशी हेच म्हणाले. वहिनींना बदकांचा राग होता. लग्न ठरवताना सवत पिसांची असेल असं कुणी बोललं नव्हतं, असं त्या पाहुण्यांना सांगायच्या. तळ्यावर त्या कधीच आल्या नाहीत. पण त्या गुंडाळ्या मात्र त्यांच्याच हातच्या होत्या. श्रीधरच्या सैल पडत.

बरीच गेली. पण एका सकाळी एका थापट्यानं मान उचलली, क्षणभर धरली, टाकली. मग पुन्हा उचलली. श्रीधर मला फोनवर एवढंच म्हणाला की ये, एकानं पापणी मिटली. आम्ही ती वाचलेली बदकं दुसऱ्या, वाहत्या पाण्यावर सोडली. ओहोळाचं तोंड मोकळं झालं, भरती आत आली, आणि पुढच्या थंड्या चांगल्या गेल्या. मला वाटलं, संपलं.

मग श्रीधरच्या हातून दुर्बीण निसटली. पहिल्यांदा आम्ही हसलो. मी तर म्हणालो, म्हातारपण आलं रे, आता क्लिकर तू घे. नंतर कप निसटला. मग जिना चढवेना. शेवटी डॉक्टरांनी नाव सांगितलं. मेंदूचे हुकूम स्नायूंपर्यंत पोचवणाऱ्या नसा एकेक करून विझत जातात, माणूस आत पूर्ण जागा राहतो, उपाय नाही. मी तिथेच, सगळ्यांसमोर, डॉक्टरांना विचारलं, हे बदकांमुळे तर नाही ना? एवढी बदकं त्यानं हातानं उचलली, घरात ठेवली. डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं आणि समजावलं की याचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. श्रीधरची जीभ तेव्हा जड व्हायला लागली होती. तरी तो, एकेक शब्द ओढत, म्हणाला, "मेल्या... त्यांका कित्याक बदनाम करतस?"

डॉक्टरांचं मला पटलं. रात्री मात्र पटेना. डोळे मिटले की ते टब दिसत. मी माझ्या पापण्या मुद्दाम लववून बघायचो. हाताची बोटं उघडमीट करायचो. बायको म्हणाली, काय चाललंय, टाळ वाजवताय का.

श्रावणात श्रीधरचं बोलणं पूर्ण गेलं. डोळे तेवढे राहिले. वहिनींनी एका पुठ्ठ्यावर अक्षरं लिहिली होती. त्या बोट फिरवायच्या, तो हव्या त्या अक्षरावर पापणी मिटायचा. आमची शेवटची भेट झाली ती दुपारची. तो खुर्चीत होता, आणि बोलता बोलता, म्हणजे मी बोलता बोलता, त्याची मान पुढे पडली. वहिनी आत होत्या. मी घाबरलो, बाजूचा नॅपकिन उचलला, घट्ट गुंडाळला आणि त्याच्या हनुवटीखाली सारला. हात मागे घेतला आणि मला कळलं मी काय केलं ते. श्रीधर माझ्याकडे बघत होता. उघडे, स्थिर डोळे. किती वेळ, कुणास ठाऊक. मग त्याच्या डोळ्यांच्या कडा बारीक झाल्या. तो हसत होता. चेहरा हसत नव्हता, पण तो हसत होता... आणि मग त्यानं, माझ्यासाठीच, सावकाश पापणी मिटून उघडली.

वहिनी आल्यावर त्यानं पुठ्ठा मागवला. अक्षरं जुळायला वेळ लागला. तळं. मी सांगितलं की ओहोळाचं तोंड पुन्हा बुजलंय, आणि पाण्याला त्या वर्षीसारखा वास सुटलाय. खोटं सांगणार होतो, पण त्या डोळ्यांपुढे जमेना. तो पुन्हा अक्षरं शोधू लागला. थांबून बघ. एवढंच. काय ते वहिनींना उमगलं नाही. मला उमगलं, आणि ते ओझं मला नको होतं. कारण श्रीधर जाणार होता, बदकं येणार होती, ते पाणी पुन्हा विषारी होणार की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि पहिलं मेलेलं बदक वेळेत ओळखून उचलायला जगात एकटा मी उरणार होतो. मी. ज्याला झोपलेलं बदक मेलेल्यापासून ओळखता आलं नव्हतं.

तो गेल्यावर मी पहिलं काम हे केलं. तळ्यावर फिरायला येणाऱ्या आमच्यासारख्याच तीन-चार निवृत्तांना गोळा केलं, खाडीतल्या एका होडीवाल्याला गाठलं, आणि ओहोळाच्या तोंडातला प्लास्टिकचा बोळा उपसला. मी दोनदा पडलो, ते वेगळं. पाणी आत येताना दिसलं, पण तेवढ्यानं भागलं का, हे पाणी बघून कळत नाही. ते बदकंच सांगतात, आणि ती सांगतात तेव्हा उशीर झालेला असतो. दिवाळीच्या आधी थापट्या उतरल्याचं कळलं. मी जायचं टाळत होतो. रोज सकाळी बूट बाहेर काढायचो आणि पुन्हा आत ठेवायचो.

शेवटी वहिनींचा फोन आला. बाथरूममध्ये पहाटे पाणी हलल्यासारखा आवाज येतो, म्हणाल्या. नळ बंद असतो. मी दोनदा बघते. टब केव्हाच माळ्यावर टाकलेत. मी म्हटलं, वरच्या मजल्याचं असेल, वहिनी. त्या म्हणाल्या, "असेल. पण मला आता घरात बसून ऐकायचं नाही. तळ्यावर कधी जाताय?"

तर ज्या बाईनं आयुष्यभर त्या तळ्याचं नाव काढलं की नाक मुरडलं, ती श्रीधरचं स्टँड खांद्यावर घेऊन माझ्यापुढे चालत होती. धुकं होतं. हायवे ऐकू येत होता, दिसत नव्हता. काठावर पोचलो, त्यांनी स्टँडचे पाय उघडले आणि दुर्बीण चढवली. श्रीधर किंचित वाकून बघायचा त्या उंचीला ती कसलेली होती, तशीच. वहिनींना पेच सैल करता आला असता. त्यांनी हात लावला नाही. मीही लावला नाही. चवड्यांवर उभं राहून, गळा ताणून मी डोळा लावला. दुर्बिणीची काच त्याच्या डोळ्याला जुळवलेली होती, म्हणून आधी सगळंच अंधुक... जणू मी पाण्याखालून बघत होतो. मग धुकं जरा विरळ झालं.

पाणी भरून बदकं होती, आणि एकही हलत नव्हतं.

मी माना शोधू लागलो. पाठीवर. पाठीवर. पाठीवर. माझ्या पायांना गोळे आले. मागे कुणीतरी उंच माणूस उभा आहे आणि माझ्या डोक्यावरून बघतोय असं इतकं पक्कं वाटलं, की मी वळून पाहिलं नाही. एकेक बदक हलेपर्यंत थांबलो. एकानं पंख झटकला, एकानं डोळा उघडला, एक जरासं गोल फिरलं. ऊन धुक्यातून खाली उतरलं. आणि अगदी कडेला, लव्हाळ्यांच्या आड, एक थापट्या होता. त्याची मान पाण्यात होती.

मी थांबलो. लव्हाळी मधे होती, अंग धड दिसत नव्हतं. मान पाण्यातच. वहिनींना दुर्बीण दिली. त्याही चवड्यांवर उभ्या राहिल्या, बघितलं, आणि हळूच म्हणाल्या की मान वर येत नाहीये. मला श्रीधरचं सांगणं आठवलं, थांबून बघ. मी थांबलो होतोच की. आता किती थांबायचं? एक उचललं नाही तर अळ्या, मग दुसरं, मग सगळं तळं. मी बूट काढले, विजार गुंडाळली आणि ज्या काठापुढे मला त्यानं उभ्या जन्मात जाऊ दिलं नाही, तो काठ ओलांडला.

चिखल गार होता आणि त्याला तळ नव्हता. पोटरी गेली, गुडघा गेला. आजूबाजूची बदकं माझ्याकडे बघत होती की काय, मला मान वळवायची हिंमत नव्हती. लव्हाळ्यांपाशी पोचलो तेव्हा मांडीपर्यंत रुतलो होतो. हात लांब केले, डोळे मिटले, आणि त्या पिसांना बोटं लावली.

ती गरम होती.

थापट्यानं मान वर काढली. चपट्या चोचीतून चिखल आणि शेवाळ ठिबकत होतं. तो नाश्ता करत होता. थापट्या चोच पाण्यात बुडवून, पाणी गाळूनच खातो, हे मी श्रीधरच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलंय. त्यानं एका हाताच्या अंतरावरून माझ्याकडे बघितलं, पिवळ्या डोळ्यानं, आणि पापणी मिटून उघडली. मग जे काय झालं ते पाण्याचं आणि पंखांचं. तो उडाला, त्याच्यामागे शेजारचे, मग सगळं तळंच्या तळं उठलं. माझ्या डोक्यावरून इतका वारा गेला, की टोपी चिखलात पडली. बदकं वर एक फेरी मारून खाडीकडे गेली. मी मान मागे टाकून बघत राहिलो. मोजदादीची वाट लागली होती, क्लिकर खिशात होता, आणि मी रडत होतो, हे मला जरा उशिरा कळलं.

पाय काढायला गेलो तर निघेना. दुसरा काढायला गेलो तर पहिला आणखी आत. काठाकडे पाहिलं. वहिनी दुर्बिणीला डोळा लावून, चवड्यांवर ताठ उभ्या राहून, रिकामं तळं डावीकडून उजवीकडे अगदी सावकाश बघत होत्या. मागे काही राहिलंय का, ते. टोकापर्यंत गेल्या. पुन्हा उलट्या आल्या. माझ्यापाशी येऊन थांबल्या.

"सगळी उडाली," त्या म्हणाल्या. "तळ्यात आता एकच आजारी दिसतंय, भावजी, आणि ते काही मला उचलवणार नाही."